नलूताईंची होय-नाहीची वही

समुद्रपूरच्या तहसील कचेरीसमोर टिनाच्या गाळ्यांची एक रांग आहे. त्यातल्या तिसऱ्या गाळ्याच्या अर्ध्या भागात मी स्टॅम्प पेपर विकायचो आणि उरलेल्या अर्ध्यात नलूताई झाडे टायपिंग करायच्या. एक्क्याण्णव सालापासून आम्ही असे शेजारी बसलो. मधे पडदा नव्हता, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी जे सांगतो आहे त्यातलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि जे पाहिलं नाही ते त्यांनीच मला नंतर सांगितलेलं आहे.

त्यांचे वडील कचेरीत चपराशी होते. ते नोकरीत असतानाच वारले आणि त्यांच्या जागी भावाला घेतलं. नलूताईंनी हिंगणघाटला रोज एसटीने जाऊन मराठी आणि इंग्रजी, दोन्ही टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि जुनं मशीन घेऊन इथे बसल्या. लग्नाचं काही जमलं नाही. पुढे भावाचा संसार वाढला तेव्हा त्यांनी कचेरीच्या मागे एक खोली भाड्याने घेतली आणि एकट्या राहू लागल्या.

त्यांच्या कागदात चूक सापडायची नाही. टाइप झालेला कागद त्या खालच्या ओळीपासून वर वाचत जायच्या. सरळ वाचलं की डोळा पुढचं गृहीत धरतो, असं त्यांचं म्हणणं. वकील लोक हिंगणघाटहून त्यांच्याकडे मजकूर पाठवायचे ते यामुळे. बायकाही यायच्या, पण त्यांचं कारण वेगळं होतं. नवऱ्याविरुद्ध, दिराविरुद्ध, कधी स्वतःच्या बापाविरुद्ध अर्ज द्यायचा तर पुरुष टायपिस्टसमोर तोंड कसं उघडणार? अशी कोणी आली की नलूताई माझ्याकडे न पाहता म्हणायच्या, "किसनभाऊ, चहा पिऊन या." मी उठून जायचो. परत येईपर्यंत कागद घडी होऊन बाईच्या पिशवीत गेलेला असायचा आणि नलूताई कार्बन पेपरचे तुकडे करत असायच्या. कार्बनवर अक्षरं उमटतात, उजेडात धरला तर कोणीही वाचतो, म्हणून बायकांच्या अर्जाचा कार्बन त्या दुसऱ्यांदा वापरायच्या नाहीत.

दोन हजार एकमध्ये त्यांनी कॉम्प्युटर घेतला. दोन वर्षांनी टेलिफोनवरून इंटरनेटही आलं. आता इंग्रजी मजकूर वकील मेलने मागवू लागले, दुकानदार परवान्याचे अर्ज मेलने पाठवू लागले. कॉम्प्युटरची देखभाल हिंगणघाटचा भूपेंद्र करायचा. मोटारसायकलवर यायचा, पस्तिशीचा, बोलायला मोकळा माणूस. कोणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस येऊन आठवडाभराचं काम गेलं तेव्हा त्याने सगळं पुसून नव्याने बसवलं आणि जाता जाता सांगितलं की हा तर साधा होता. आता असे निघालेत की ते काही बिघडवतच नाहीत. गुपचूप बसतात, फायली वाचतात आणि बाहेर पाठवून देतात.

नलूताईंनी विचारलं, "कोणाले पाठवतात?"

"कोणालेही. तुमच्या मेलमंदी ज्याचे पत्ते आहेत, त्याईले."

त्या दिवशी त्यांनी पुढे एकही कागद टाइप केला नाही. दुपारी मला म्हणाल्या की मशीन होतं तेव्हा कार्बन फाडला की संपत होतं, यात काय फाडायचं ते समजत नाही. जुने अर्ज पुसून टाका असं मी सुचवलं. पण वकिलांना तेच अर्ज सहा महिन्यांनी बदल करून परत लागायचे, तेव्हा तेही शक्य नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात भूपेंद्रने सीडीवरून फायरवॉल बसवून दिली. व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम वेगळा आणि हा वेगळा, हे त्याने त्यांना नीट समजावलं. हा दारावर बसतो. बाहेरून कोणी आत घुसत असेल तर अडवतो, आणि आतला कोणता प्रोग्रॅम बाहेर जाऊ पाहत असेल तर आधी मालकाला विचारतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट येते, तिच्यात प्रोग्रॅमचं नाव असतं, खाली होय आणि नाही. त्याखाली एक छोटा चौकोन, त्यात खूण केली की त्या नावासाठी तो पुन्हा विचारत नाही. भूपेंद्रने ती सोप्या सेटिंगवर ठेवली होती, म्हणजे बरेचसे निर्णय तिचे तीच घेईल. नलूताई म्हणाल्या, नको, सगळं मला विचारू दे. फार त्रास होईल, असं त्याने बजावलं. त्यांनी ऐकलं नाही.

पहिले पंधरा दिवस खरंच त्रास झाला. दर दहा मिनिटांनी चौकट. नलूताईंनी दोनशे पानी वही घेतली, मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे होय, उजवीकडे नाही. नाव आलं की वहीत पाहायच्या. नसलं तर आधी नाही दाबायच्या, नाव उतरवून घ्यायच्या आणि संध्याकाळी नेट बंद झालं की त्याच लाइनवरून भूपेंद्रला फोन करून एकेका नावाची चौकशी करायच्या. मेलचा प्रोग्रॅम, होय. नेट पाहायचा, होय. प्रिंटरवाल्याचा प्रोग्रॅम बाहेर कशाला जातो, नाही. गाणी वाजवायचा, नाही. विंडोजची स्वतःची एक फाईल होती, एसव्हीसीहोस्ट नावाची. ती अडवली तर नेटच चालत नव्हतं. भूपेंद्रने सांगितलं, ती घरचीच आहे, तिला कायमचं होय करा. नलूताईंनी वहीत इंग्रजी मोठ्या अक्षरांत ते नाव लिहिलं आणि छोट्या चौकोनात खूण केली. दोन महिन्यांत वहीत एकोणीस नावं झाली आणि चौकटी यायच्या जवळजवळ थांबल्या. भूपेंद्र म्हणायचा, अख्ख्या हिंगणघाटात बँकेतसुद्धा कोणी एवढी नीट ठेवलेली नाही. नलूताईंना ते ऐकून बरं वाटायचं. त्यांना बरं वाटलेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून लक्षात आहे.

जानेवारी दोन हजार चारमध्ये रीता आली.

बाजार ओळीत हिरालालशेठचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान होतं. मोठं दुकान, आजूबाजूच्या वीस गावांचा राबता. रीता त्यांची सून, ओमप्रकाशची बायको. माहेर वडनेरचं, तिथे भावाचं किराण्याचं दुकान. सहा-सात वर्षांची एक मुलगी, सुरभी. रीता आली तेव्हा खुर्ची उचलून नलूताईंच्या डाव्या हाताला नेऊन बसली, म्हणजे तिचा उजवा कान त्यांच्याकडे होईल. डाव्या कानाने तिला ऐकू येत नव्हतं. ते कशाने झालं हे अर्जाच्या दुसऱ्या परिच्छेदात होतं. मला चहाला जावं लागलं.

अर्ज पोटगीचा आणि मुलीच्या ताब्याचा होता. तो तेव्हाच द्यायचा नव्हता. मार्चअखेर सुरभीची परीक्षा संपली की तिला घेऊन रीता वडनेरला जाणार होती आणि तिथून हिंगणघाटच्या प्रभाकरराव वकिलांमार्फत तो दाखल होणार होता. वकिलांनी मजकूर आधीच तयार ठेवायला सांगितला होता, म्हणून तो घडून गेल्यासारखा लिहिलेला होता: अर्जदार ही दिनांक अमुक रोजी मुलीसह सासर सोडून माहेरी राहावयास गेली असून. तारखेची जागा मोकळी होती. रीता कागद घरी नेऊ शकत नव्हती. ती म्हणाली, "ताई, तुमच्याजोळच राहू द्या." नलूताईंनी छापलाही नाही. फाईल ठेवली, रीताच्याच नावाने.

फेब्रुवारीत शिष्यवृत्तीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांची गर्दी असते. त्या बुधवारी दुपारी गाळ्याबाहेर वीस-पंचवीस माणसं उभी होती. वकिलाच्या नावाने एक मेल आली, तिच्यासोबत फाईल होती, नलूताईंनी उघडली, आत काहीच नव्हतं. असं व्हायचं कधीकधी, वकिलाचा मुनीम चुकीची फाईल जोडायचा. त्यांनी ती बंद केली आणि पुढच्या माणसाचा दाखला घेतला. तेवढ्यात कोपऱ्यात चौकट आली. बऱ्याच दिवसांनी आली होती. नलूताई थांबल्या, त्यांनी ड्रॉवरमधून वही काढली.

तेव्हा मी म्हणालो, "नलूताई, होऊ द्या लवकर. लोकं केव्हाचे उभे आहेत."

त्यांनी वहीत बोट फिरवलं, नाव सापडलं, होयच्या बाजूला होतं. त्यांनी होय दाबलं, छोट्या चौकोनात खूण केली आणि वही परत ठेवली.

शनिवारी सकाळी हिरालालशेठ स्वतः आले. पांढरे कपडे, हातात चार पानं. गाळ्यात त्या वेळी आम्ही दोघंच होतो. त्यांनी पानं नलूताईंसमोर ठेवली आणि शांतपणे विचारलं, "ताई, हे तुमचंच टायपिंग आहे ना?"

नलूताईंनी पहिली ओळ वाचली. मानेनेच हो म्हणाल्या.

"तारीख मोकळी सोडली होती तुम्ही," हिरालालशेठ म्हणाले. "ती आम्ही भरून घेतली."

एवढं बोलून ते गेले. दुपारपर्यंत बाजार ओळीतून बाकीचं कळलं. गुरुवारी दुपारी सुरभीला शाळेतून परस्पर काढून परगावी पाठवण्यात आलं होतं. शुक्रवारी रीताला एका पिशवीसह बसस्टँडवर आणून सोडलं होतं. सुरभी कुठे आहे हे तिला सांगितलेलं नव्हतं. ती रायपूरला आत्याकडे आहे हे कळायला पुढे तीन महिने गेले.

तीन दिवस नलूताई माझ्याशी बोलल्या नाहीत. अर्ज तिथे आहे हे त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल तर ते मलाच, असं त्यांना वाटलं. माझ्याबद्दल असं वाटलं याचा मला राग आला, पण त्या वेळी दुसरं काही सुचण्यासारखंही नव्हतं.

मंगळवारी भूपेंद्र आला. त्याला दोन-तीन ठिकाणांहून तक्रार होती की नलूताईंच्या पत्त्यावरून काहीतरी विचित्र मेल आली आहे. त्याने फायरवॉलची नोंद उघडली. कोणता प्रोग्रॅम किती वाजता बाहेर गेला हे सगळं त्यात राहतं. बुधवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांपासून पुढच्या चार मिनिटांत अकरा मेल गेल्या होत्या. वकिलाच्या नावाने आलेली ती फाईल रिकामी नव्हती. तिच्यात तसलाच, फायली बाहेर पाठवणारा चोर होता. त्याने हाताला लागली ती एक फाईल, रीताच्या अर्जाची, उचलली आणि पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना पाठवली.

भूपेंद्रने वही मागितली. पडद्यावरच्या नावाखाली एक बोट ठेवलं आणि वहीतल्या नावाखाली दुसरं.

"ताई, तुमच्या वहीत पाहा. एस, व्ही, सी. आन् इथं पाहा. एस, सी, व्ही."

नलूताई वाकून पाहत राहिल्या.

"मुद्दामच असं नाव ठेवतात," तो म्हणाला. "घरच्यावानी दिसलं पाहिजे म्हणून. आन् त्या खऱ्या नावाले तर तुम्ही कायमचं होय केलं होतं. तो पुन्हा काऊन विचारून राह्यला, एवढं..." मग त्यांच्याकडे पाहून त्याने वही मिटली.

नलूताईंनी विचारलं की अकरा जणांना गेली तर अकराही जणांनी वाचली का. भूपेंद्रने सांगितलं, नाही. त्या काळी मराठी अक्षरांचा फाँट प्रत्येकाचा वेगळा असायचा. ज्याच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नाही, त्याला नुसते उलटेसुलटे इंग्रजी चिन्हांचे ढीग दिसायचे. दहा ठिकाणी तेच दिसलं. प्रभाकरराव वकिलांच्या ऑफिसातही, कारण मराठी मजकूर ते छापीलच घ्यायचे. फक्त हिरालालशेठच्या दुकानात तो फाँट होता. दोन वर्षांपूर्वी दुकानाच्या परवान्याचा अर्ज त्यांना पडद्यावर वाचता यावा म्हणून नलूताईंनीच तो फ्लॉपीत घालून दिला होता आणि भूपेंद्रने बसवला होता.

भूपेंद्रने कॉम्प्युटर साफ केला आणि गेला. पैसे घेतले नाहीत. नलूताई मला म्हणाल्या, "किसनभाऊ, मी तुमच्यावर शक घेतला." मी म्हणालो, राहू द्या. घाई मी केली होती हे मी त्या दिवशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी त्या वडनेरला निघाल्या. मीही सोबत गेलो, एकट्या जाऊ नका म्हणून. रीता भावाच्या दुकानामागच्या खोलीत होती. नलूताई तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसल्या आणि त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं, चौकट, वही, दोन अक्षरं. रीताला ते समजायला वेळ लागला.

"म्हंजे तुम्ही कोणाले सांगतलं नाई?"

"नाई."

"आन् सुरभीनंई नाई सांगतलं?"

नलूताईंना प्रश्न कळला नाही. रीताने मग जमिनीकडे पाहत सांगितलं. बुधवारी संध्याकाळी ओमप्रकाशने तिला कागद दाखवला नव्हता. नुसतं विचारलं होतं, परीक्षा झाली की पोरीला घेऊन वडनेरला चाललीस ना? हे तिने समुद्रपुरात दोघांनाच सांगितलं होतं, नलूताईंना आणि सुरभीला. सुरभीला यासाठी की पोरीने पुस्तकं नीट एका जागी ठेवावीत. नलूताईंवर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही.

"गुरुवारी सकाळी शाळेत जायच्या आधी मारलं मी तिले. लय मारलं. सांग, काऊन सांगतलं म्हणून. ते म्हणे, मी नाई सांगतलं, आई, मी नाई सांगतलं. मी म्हटलं खोटं बोलून राह्यली. तशीच रडत गेली ते शाळेत."

रीताची वहिनी चहा घेऊन आली, तो तसाच राहिला. निघताना नलूताईंनी माफी मागायला हात जोडले, तर रीताने फक्त विचारलं की ते कागद आता छापून मिळतील का. वकिलाला लागणार होते.

परतीच्या एसटीत मी नलूताईंना सांगितलं की घाई मी केली, माझ्यामुळे झालं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही घाई केली नसती तरी मी होयच दाबलं असतं. वही पाह्यली होती मी. मले ते तेच दिसलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "खालून वर वाचायचं होतं. एक शब्द खालून वर कसा वाचणार?"

दावा वर्ध्याला चालला. दोन वर्षं लागली. रीता तोवर सिंदी मेघेत एका खानावळीत पोळ्या लाटायला लागली होती, तारखांना जवळ पडावं म्हणून. नलूताई प्रत्येक तारखेला गेल्या. साक्षही दिली. समोरच्या वकिलाने त्यांना विचारलं की तुमच्या कॉम्प्युटरने परवानगी मागितली होती का, आणि तुम्ही ती दिली का. त्या म्हणाल्या, हो, दिली. वकील म्हणाला, झालं. चोर, फायरवॉल, अक्षरांची अदलाबदल, यातलं काही कोणी ऐकून घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर मुलगी कोणाकडे राहावी याच्याशी त्याचा संबंधही नव्हता.

शेवटी न्यायाधीशांनी सुरभीला आपल्या खोलीत बोलावून विचारलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, रायपूरच्या शाळेत हिंदीतून शिकत होती. बाहेर आल्यावर तिने रीताकडे पाहिलं नाही, आत्याचा पदर धरून उभी राहिली. निकालपत्र नलूताईंनी मला वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की आईने आपल्याला खोटारडी म्हणून मारल्याचं मुलगी स्पष्टपणे सांगते. ताबा वडिलांकडे. महिन्यातून एकदा भेटीची परवानगी. पण भेट व्हायची तर रायपूरला जावं लागणार, आणि रीता गेली तेव्हा दोन्ही वेळा दार उघडलं नाही.

अपील करू, असं नलूताई म्हणाल्या. रीता नाही म्हणाली.

मग नलूताईंनी पत्रं सुरू केली. दर महिन्याला सिंदी मेघेला जायच्या, रीता सांगेल ते हिंदीत लिहून घ्यायच्या आणि रायपूरच्या पत्त्यावर रजिस्टर करायच्या. कॉम्प्युटरवर नाही, हाताने. पहिल्या पत्रात एवढंच होतं की तू सांगितलं नव्हतंस हे मला आता माहीत आहे. तीन वर्षं पत्रं गेली. काही परत आली, काही आली नाहीत. जी परत आली नाहीत त्यांच्यावर नलूताई जगत होत्या, असं म्हटलं तरी चालेल. गाळ्यातलं काम कमी झालं होतं. बायकांचे अर्ज त्यांनी घेणं बंद केलं होतं. कोणी आलीच तर तिला सांगायच्या, बाई, वकिलाकडे जा, माझ्याकडे बोलू नको. मला मग चहाला जायचं कारण उरलं नाही.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर उत्तर आलं. वहीच्या कागदावर हिंदीत चार ओळी, सुरभीच्या हाताच्या. कृपया चिठ्ठियाँ मत भेजिए, घर में झगड़ा होता है, मैं ठीक हूँ. खाली पूर्ण नाव, आडनावासकट, शाळेत लिहितात तसं.

हे रीताला दाखवावं की नाही, असं नलूताईंनी मला विचारलं. मी म्हणालो, नका दाखवू. त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "तिचं पत्र आहे ते, किसनभाऊ. मी कोण दाबून ठेवणारी." आणि दुपारच्या बसने गेल्या.

रीता खानावळीत होती. तिने पीठ लागलेले हात पुसले, कागद घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला. म्हणाली, "अक्षर चांगलं झालं तिचं." मग पुन्हा पोळ्या लाटायला बसली, कारण जेवणाऱ्यांची पंगत बसलेली होती.

त्यानंतर पत्रं थांबली. पुढच्या उन्हाळ्यात नलूताईंनी गाळ्यातला आपला अर्धा भाग सोडला आणि कचेरीच्या मागच्या आपल्या खोलीतच दिवसभर बसून राहू लागल्या. मी अधूनमधून जातो. त्या दार उघडतात, बसायला सांगतात, पाणी देतात. बोलणं फार होत नाही.